भाज्यांशी पटत नसताना वजन कसं उतरवावं

मी दुधी खात नाही, वांगं खात नाही, आणि कोबी शिजत असला की स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. लहानपणापासून इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी माझ्यापुरती वेगळी बटाट्याची भाजी व्हायची, नाहीतर तूप-साखर-पोळी. चाळिशीत वजन 82 किलोवर गेलं, उंची 158 सेंटीमीटर. दोनदा आहारतक्ता आणला आणि दोन्ही वेळा दहा दिवसांच्या आत तो फ्रिजवरून उतरला. तक्त्यात चूक काही नव्हती. सकाळी दुधीचा रस, दुपारी कच्ची कोशिंबीर, रात्री वाफवलेल्या भाज्या. माझ्या घशाखाली उतरेल असं त्यात काही नव्हतं, एवढंच.

पुढच्या 16 महिन्यांत मी 69 वर आले आणि दुधीचा रस एकदाही प्यायले नाही. आपल्या इंदुरात सकाळ पोह्यांनी उघडते आणि रात्र सराफ्यातल्या खाऊगल्लीत मिटते. इथे मोजक्याच गोष्टी खाणारी माणसं पुष्कळ, आणि त्या सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: आधी सगळं खायला शीक, मग वजनाचं बघू. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आज जे खाता तेच आधी नीट बसवायचं, वजन तेवढ्यावरही उतरायला लागतं. नव्या भाज्या मागाहून, एकेक करून येतात.

आधी रक्त तपासा, मग कंबर मोजा

थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी12, ड जीवनसत्त्व आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी, एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. मोजकं खाणाऱ्यांत लोह आणि बी12 कमी असणं नेहमीचं आहे. शाकाहारी घरात बी12चं तर जास्तच. ते कमी असताना जिना चढतानाही धाप लागते, आणि माणूस समजतो आपल्याला व्यायाम झेपत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पुढे प्रथिनांचं जे लिहिलं आहे तेही आधी त्यांना दाखवा.

वजनासोबत बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून ठेवा. आपल्याकडे बायकांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटीमीटरच्या पुढची कंबर धोक्याची मानतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, भारतीयांसाठी 23च्या पुढे जास्त आणि 25च्या पुढे लठ्ठपणात धरतात. माझा 32च्या वर होता.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. खाण्याची यादी दहा-पंधरा पदार्थांवर आली असेल, ती आणखी आक्रसत असेल, एखादा घास घशात अडकेल या भीतीने हात थांबत असेल, किंवा लग्नकार्याला जाणंच टाळलं जात असेल, तर तो हट्ट नव्हे. ‘आरफिड’ नावाने हा विकार 2013 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत नोंदला गेला. तिथे वजन कमी करण्याच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघेही लागतात.

तीन रकान्यांची वही

माझं खरं काम या वहीने सुरू झालं. एका पानावर तीन रकाने पाडा: ‘आवडीने खाते’, ‘समोर आलं तर खाते’, ‘नाही म्हणजे नाही’. घाई करू नका, आठवडाभर आठवेल तसं लिहा. पहिल्या रकान्यात मी तळलेलं-गोडसुद्धा प्रामाणिकपणे लिहिलं: बटाटा, शेव, कचोरी, पोहे, तुरीचं वरण, भात, दही, अंडी, पनीर, मका, काकडी, मटार, केळं.

तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहायचं. ‘आवडत नाही’ हे कारण धरायचं नाही. तोंडात नेमकं काय होतं ते लिहा. माझ्या पानावर असं उतरलं: दुधी – गिळगिळीत. घोसाळं (गिलकी) – गिळगिळीत. वांगं – साल वेगळी, गर वेगळा, बिया वेगळ्या. कोबी – वास. भेंडी – तार. कारलं – कडू. पालक – दाताला खरखर लागते.

हे पान पुढे ठेवून बसले तेव्हा दिसलं की या सात भाज्यांतल्या बहुतेकींची चव मला नको होती असं नाहीच. नको होता तो त्यांचा पोत. चवीचा खरा झगडा एकट्या कारल्याशी होता, आणि त्यातही लाजण्यासारखं काही नाही. कडवटपणा जाणवण्यात माणसामाणसांत जन्मजात फरक असतो. एकाला सौम्य लागणारी कोबीवर्गातली भाजी दुसऱ्याला खरोखरच कडू लागते.

माझ्या सासूबाई गिलकीची भाजी करायच्या ती मऊसूत, रस सुटलेली. मी ताटात घ्यायचे नाही. पण पावसाळ्यात त्याच गिलकीची भजी त्यांनी काढली की मी सहा-सात उचलायचे, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. वही लिहिताना ते सुचलं तेव्हा त्यांना म्हटलं, "आई, आज भाजी नको, काप करूया." गिलकीच्या अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या, वर मीठ-तिखट-ओवा, कोरड्या बेसनात दोन्ही बाजूंनी घोळवून बिडाच्या तव्यावर दोन चमचे तेलात. झाकण ठेवायचं नाही. एक बाजू तांबूस होईपर्यंत हात लावायचा नाही. कडा कुरकुरीत होतात आणि आतला गर जेमतेम मऊ राहतो. त्या दिवशी माझ्या पानात अख्खी गिलकी होती, आणि भज्यांच्या मानाने तेल कितीतरी कमी.

तेल आणि शेव: मोजायचं ते इथे

दुसरा आठवडा फक्त नोंदीचा. खाणं बदलायचं नाही, जे खाल ते त्याच वेळी लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की शेव सुटते, बडीशेपेसोबत तोंडात टाकलेली खडीसाखर सुटते, पोरांच्या डब्यातला उरलेला घास सुटतो.

सोबत तेलाच्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहा. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला 4 लीटर तेल जात होतं. एक लीटर तेल म्हणजे सुमारे 910 ग्रॅम, आणि स्निग्ध पदार्थाच्या प्रत्येक ग्रॅममागे 9 कॅलरी. हिशेब केला तर माणशी रोज 30 ग्रॅम, म्हणजे 270च्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या, तूप वेगळं. फोडणी बुधल्यातून थेट न ओतता चमच्याने मोजून द्यायला लागलो आणि तेल अडीच लीटरवर आलं. माणशी रोजच्या शंभर कॅलरी सुटल्या, आणि जेवताना कोणाला फरक कळलाही नाही. मोजकं खाणाऱ्याला सोसेल असा याच्याइतका बदल मला दुसरा सापडला नाही, कारण इथे एकही पदार्थ सोडावा लागत नाही.

किती कमी करायचं? एक किलो चरबी म्हणजे ढोबळ 7700 कॅलरी. रोज 400-500 कॅलरींची तूट पडली तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरतं, आणि तेवढं पुरे आहे. सुरुवातीच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडू लागतो.

पोह्यांपासून सुरुवात

रोजचा एकच पदार्थ आधी हातात घ्या. आपल्याकडे तो बहुधा पोहेच असतो. वाफेवरचे इंदुरी पोहे मुळात हलके. 50 ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे सुमारे 175 कॅलरी. भर पडते ती वरून: मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेव साधारण 165 कॅलरी, फोडणीचं मोठा चमचाभर तेल 120, आणि शेजारच्या कढईतली जिलेबी. एवढं खाऊन प्रथिनं पाच-सात ग्रॅमच्या पुढे जात नाहीत, म्हणून अकरा वाजता पुन्हा भूक लागते.

मी पोहे सोडले नाहीत. घरी पोह्यांइतकेच उकडलेले मटार घालते, सोप (बडीशेप) आणि जीरावन हा इंदुरी मसाला तसंच, लिंबू दुप्पट, शेव एक चमचा आणि तीही अगदी वर, म्हणजे पहिल्या घासापासून कुरकुर लागते. सोबत दोन उकडलेली अंडी, नाहीतर वाटीभर घट्ट दही. बाहेर खायचे असतील तर उसळ-पोहे घ्या आणि हात शेवेकडे जायच्या आधीच सांगा, "भिया, सेव कम डालना।" पोहेवाले आनंदाने ऐकतात. जिलेबी रविवारी, एक, सगळ्यांसोबत बसून.

प्रथिनं: स्वतःच्याच यादीतून

आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था, यांच्या 2020च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरवताना स्नायू झिजू नयेत म्हणून 1 ते 1.2 ग्रॅमपर्यंत जाणं बरं. मी आधी निदान सुमारे 70 ग्रॅम तरी गाठायचं ठरवलं, आणि मला वाटत होतं ते उसळींशिवाय जमणार नाही. पहिल्या रकान्यातले आणि रोजच्या खाण्यातलेच पदार्थ मांडले: दोन अंडी 12, पेलाभर दूध 6, वाटीभर दही 6, दोन वेळचं वरण (कोरडी डाळ 60 ग्रॅम) 13, पनीर 75 ग्रॅम 14, मूठभर फुटाणे 6, दिवसाच्या चार पोळ्या 12. बेरीज 69.

अंडी चालत नसतील तर भिजवलेल्या मुगाच्या डाळीचं धिरडं करा. 50 ग्रॅम डाळीत 12 ग्रॅम प्रथिनं येतात आणि पातळ पसरलं तर कड चांगली कुरकुरीत होते. सोयाबीनच्या वड्या 100 ग्रॅममागे 50च्या वर प्रथिनं देतात. त्यांचा रबरी पोत खटकत असेल तर भिजवून, पिळून, मिक्सरमध्ये भरडून बटाट्याच्या पराठ्यात मिसळा. वरण मात्र पातळ पाणी नको. वरचं पाणी घेतलं आणि डाळ खाली राहिली तर बेरीज चुकते.

ताटात आधी वरण, दही, पनीर, काकडी, आणि पोळी-भात त्यानंतर, हा क्रम पाळला तर जेवणानंतर साखर कमी उसळते. पोटही पोळीच्या आधीच अर्धं भरतं. मी तीन पोळ्यांवरून दोनवर आले ते असं. तिसरी नको असं कोणी सांगितलं नव्हतं.

नवी भाजी एका वेळी एकच

इथे धीर लागतो. मुलांवर झालेल्या अभ्यासांत एखादा नको असलेला पदार्थ स्वीकारायला आठ ते पंधरा वेळा चाखावा लागल्याचं दिसलं आहे. आपण मोठी माणसं दोनदा चाखतो आणि निकाल लावून मोकळे होतो.

तिसऱ्या रकान्यातली एक भाजी घ्या, महिनाभर तीच. दर तिसऱ्या दिवशी दोन घास, जेवणाच्या सुरुवातीला, भूक कडकडून लागलेली असताना. सोबत आवडीची गोष्ट पानात असलीच पाहिजे. दोन घासांनंतर नको वाटलं तर थांबायचं, आणि घरच्यांनीही ‘अजून एक घे’ म्हणायचं नाही. हे घरच्यांना आधीच बसवून सांगा. आग्रह आपल्या रक्तात आहे, पण या कामात तोच आडवा येतो.

कारण बघून उपाय ठरवायचा. भेंडीची तार नको असेल तर ती धुऊन पूर्ण कोरडी करा, मोठे तुकडे करा, लोखंडी कढईत मोठ्या आचेवर झाकणाशिवाय परता, मीठ शेवटी घाला, आणि थोडं आमसूल किंवा लिंबू टाका. आंबटाने चिकटपणा मोडतो. कोबीचा वास जास्त शिजवल्याने वाढतो, त्यातले गंधकाचे घटक तेव्हाच मोकळे होतात. बारीक चिरून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, मोहरी-मिरची-डाळीच्या फोडणीत, कचकचीत राहील एवढाच परता. पालकाची दाताला लागणारी खरखर त्यातल्या ऑक्झलेटची असते. तो उकळत्या पाण्यातून काढून पाणी टाकून दिलं आणि दह्यात घातला तर बरीच कमी होते. कारल्याला मीठ लावून अर्धा तास ठेवून पिळा, मग पातळ चकत्या कुरकुरीत परता.

वांग्याचं मला तसं जमलं नाही. बिया आणि साल वेगळी लागतात तोवर ते तोंडात जाणार नाही हे कळल्यावर भरीत करून बघितलं, भाजून, साल काढून, अगदी घोटून, दह्यातलं. अकराव्या वेळी पोळीच्या तुकड्यासोबत खाल्लं. आवडलं असं म्हणणार नाही, पण आता ते दुसऱ्या रकान्यात आहे.

किसलेला दुधी थालीपिठात किंवा मुठियात लपवणं चांगलंच, पोटात भाजी जाते. पण लपवल्याने जिभेला ओळख होत नाही. म्हणून लपवलेलं रोज चालू द्या आणि उघड दोन घासही चालू ठेवा. आणि एखादी भाजी पंधरा वेळांनंतरही नको वाटली तर वहीत कायमची रेघ ओढा. एका भाजीवाचून वजन अडत नाही.

सराफा, छप्पन आणि उपास

सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि ती मिटल्यावर रात्री खाण्याची. तिथे आपण जेवणाच्या वेळेनंतर जातो, म्हणजे जे खाऊ ते जेवणावर जेवण. जायचं त्या रात्री मी सातला घरी वरण, पनीर आणि काकडी खाते, पोळी-भात वगळते. तिथे दोनच पदार्थ, आणि प्रत्येकाची एक प्लेट दोघांत मिळून. भुट्ट्याचा कीस माझा ठरलेला. थंडीत गराडू, पण तो तळलेला कंद आहे हे लक्षात ठेवून त्या दिवशी बाकी तळलेलं नाही. आपल्या इंदुरी शिकंजीचं सगळ्यांना बजावते: बाहेरगावी शिकंजी म्हणजे लिंबूपाणी, आपली दुधाची, घट्ट, सुक्यामेव्याची. तो पेलाभर एक जेवण समजा. छप्पनला, म्हणजे छप्पन दुकान या खाण्याच्या बाजारात गेलात तर तोच नियम. दाल-बाफल्यांच्या (बाफला म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा) पंगतीत एक बाफला, डाळ दुप्पट, आणि बाफला तुपात बुडवण्याआधीच आपल्या पानात मागून घ्या.

चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर दाण्याचा कूट आणि तूप. भगर, दाण्याची पातळ आमटी आणि दही यांनी पोट जास्त वेळ धरतं. खिचडीच हवी असेल तर वाटीभर, दही मोठी वाटी.

व्यायाम

खाण्याने वजन उतरतं, व्यायामाने उतरलेलं टिकतं आणि स्नायू वाचतात. एक किलोमीटर चालण्यात 70 किलोच्या माणसाच्या 50-60 कॅलरी जातात, त्यामुळे कचोरी खाऊन ती चालून जिरवू हा हिशेब जमत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि दोन दिवस स्नायूंचा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, गाता येणार नाही. पहिले दोन आठवडे रोज 15 मिनिटं, मग दर आठवड्याला 5 वाढवत 40वर आणा. मेघदूत उपवन, नेहरू पार्क, पिपल्यापाल्याचं रीजनल पार्क, जे घरापासून जवळ ते. लांबच्या सुंदर बागेपेक्षा गल्लीतली चक्कर रोज होते. मे महिन्यात पारा 40च्या पुढे जातो तेव्हा सातच्या आत आटपा.

स्नायूंसाठी घरचं सामान पुरतं. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं 10 वेळा, भिंतीला हात लावून दंड 10, पाच किलोची कणकेची पिशवी छातीशी धरून कमरेतून वाकणं-उठणं 10, पायरीवर चढउतर प्रत्येक पायाने 10. असे दोन फेरे, आठवड्यातून तीनदा. सोपं झालं की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, भिंतीऐवजी ओट्याची कड. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, आणि दुखणं आठवडाभर राहिलं तर दाखवून घ्या.

खाण्याबाबत चोखंदळ माणूस व्यायामाबाबतही बहुधा तसाच असतो. जिममधला आवाज, घामाचा वास, घट्ट कपडे मला सोसत नाहीत, म्हणून मी जिम लावली नाही. तुम्हाला पोहणं किंवा गरबा आवडत असेल तर तेच करा, मिनिटं मोजली म्हणजे झालं.

काटा थांबतो तेव्हा

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. मीठ, पाळी, आदल्या रात्रीचं जेवण यांनी किलो-दीड किलो पाणी इकडेतिकडे होतं, म्हणून एका आकड्यावर रडायचं नाही आणि हुरळायचंही नाही. चार आठवड्यांची सरासरी काढा, सोबत कंबर.

माझा काटा 74वर पाच आठवडे अडला. हलक्या शरीराला कमी ऊर्जा लागते, त्यामुळे 82 किलोला जी तूट होती ती 74ला उरत नाही. अशा वेळी आधी आठवडाभर पुन्हा सगळं लिहा. माझ्या बाबतीत शेव चमच्यावरून परत मुठीवर आली होती. तेलाच्या पिशवीवरची तारीखही पुन्हा बघा. दोन्ही जागच्या जागी असतील तर अर्धी पोळी कमी करा किंवा चालणं दहा मिनिटांनी वाढवा. दोन्ही एकदम नको, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. तीन आठवडे तसंच चालू द्या आणि मग काट्यावर उभे राहा.